तत्त्वाचा खर्च कोणाच्या खात्यावर

बाबा आयसीयूत होते तेव्हाची चौथी रात्र. साडेअकराला ताईचा फोन आला आणि ती कॉरिडॉरमध्ये उभी राहून, आजूबाजूच्यांना त्रास नको म्हणून अगदी हळू आवाजात, मला रिपोर्टमधला एकेक आकडा वाचून दाखवायला लागली. क्रिएटिनिन इतकं, सोडियम इतकं, पोटॅशियम इतकं. मी दुसऱ्या शहरात, पलंगावर बसून वहीत लिहून घेतोय. मध्येच तिचा आवाज तुटायचा, मग ती परत पहिल्यापासून सांगायची. पोटॅशियमचा आकडा मी दोनदा चुकीचा ऐकला आणि दोन्ही वेळा घाबरलो. हाच रिपोर्ट तिने संध्याकाळी सात वाजताच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलेला होता. काका, आत्या, चुलतभाऊ, सगळ्यांनी बघितला होता, त्यातला एक डॉक्टर आहे त्याने खाली दोन ओळी लिहून घाबरण्यासारखं नाही असंही सांगितलं होतं. ग्रुपवर नव्हतो तो एकटा मी, कारण व्हॉट्सॲप मी तत्त्व म्हणून फोनमधून काढून टाकलं होतं.

ईमेल कर असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, पण तिच्या फोनवर ईमेल नीट चालत नव्हता आणि त्या धावपळीत ते कोण बघत बसणार. म्हणून मग रोज सकाळी आठ आणि रात्री साडेअकरा, ती बाबांच्या जवळून उठून बाहेर यायची आणि मला सगळं पुन्हा सांगायची, जे बाकी सगळ्यांना एका फोटोत कळलेलं असायचं.

बाबा बरे होऊन घरी आले. पण ती वही माझ्याकडे अजून आहे, आणि त्या वहीमुळे माझ्या डोक्यात जे सुरू झालं ते अजून पूर्ण संपलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी ॲप का काढलं ते सांगतो, कारण ते उगाच केलेलं नव्हतं. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतलं तेव्हा सौदा जाहीर झाला १९ अब्ज डॉलर्सचा. लोकांच्या आपसातल्या बोलण्याला एवढी किंमत कोण आणि का देतं हा प्रश्न मला तेव्हापासून होता. मग मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं, फेसबुकने स्वतःच मान्य केलं की ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्यांच्या नकळत पुढे गेलेली असू शकते, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ५ अब्ज डॉलर्सचा दंड लावला. ते प्रकरण बाहेर आलं त्या आठवड्यातच मी ते सगळं काढलं. आणि तिथेच थांबलो नाही, कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला, त्यावर दोन रकाने आखले, काय घ्यायचं नाही आणि का नाही. कागद भरत गेला. काही वर्षं मी तो अगदी मनापासून पाळला, आणि त्याचा मला अभिमान होता हे पण लिहितो.

मोठ्या कंपन्यांबद्दल माझं जे म्हणणं तेव्हा होतं ते आजही तसंच आहे. त्या मोठ्या आहेत एवढाच माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्या हिशोबावर. नफा स्वतःच्या खात्यावर जमा करायचा आणि खर्च दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकायचा, हा तो हिशोब. नदीत सोडलेलं पाणी नदीकाठच्या माणसाच्या खात्यावर, स्वस्त कपड्याची स्वस्ताई शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या खात्यावर, फुकट ॲपचा खर्च आपल्या लक्षाच्या आणि खाजगीपणाच्या खात्यावर. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात, म्हणजे किंमतीत न दिसणारा पण कोणीतरी भरलेला खर्च. मला या शब्दाने खूप वर्षं धरून ठेवलंय.

आणि त्या रात्री वहीत आकडे लिहिताना मला पहिल्यांदा दिसलं की माझ्या तत्त्वाचा पण एक बाह्य खर्च आहे, आणि तो ताई भरतेय. त्या ॲपवर बहिष्कार मी टाकला होता आणि कॉरिडॉरमध्ये उभी ती होती. फक्त ते चार दिवस नाही, आधीची तीन वर्षंसुद्धा. लग्नाची तारीख ठरली, ताई फोन करणार. आईचा वाढदिवस कुठे करायचा, ताई विचारून सांगणार. ग्रुपवर झालेला वाद तिने मला गाळून, मवाळ करून सांगायचा आणि माझं मत तिने परत तिकडे टाईप करायचं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

बाबा घरी आल्यावर एकदा विचारलं. ती म्हणाली, "अरे तुझं पटतं मला, पण तुझ्या वाटचं मला करावं लागतं ना." एवढंच म्हणाली आणि दुसरा विषय काढला. तिच्या म्हणण्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही.

त्यानंतर मी बहिष्कारांचा इतिहास नव्या नजरेने वाचायला लागलो, म्हणजे जिंकलं कोण यापेक्षा काम कोणी केलं हे बघत. गुलामांच्या श्रमाच्या साखरेवरचा बहिष्कार घ्या. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायचा खासदार विल्बरफोर्सचा ठराव ब्रिटिश संसदेत पडला, त्याच वर्षी विल्यम फॉक्सने एक पातळसं पत्रक काढलं की वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा, आणि गुलामीविरोधी कार्यकर्ता थॉमस क्लार्कसनचा त्या वेळचा अंदाज असा की सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली. आपण हे ऐकताना तीन लाख निश्चयी माणसं डोळ्यासमोर आणतो. पण घरात काय आणायचं, काय शिजवायचं, पाहुण्यासमोर काय ठेवायचं, हे बघत होत्या बायका, ज्यांना मतदानाचा हक्कच नव्हता. पुढे १८२० च्या दशकात ही चळवळ पुन्हा उभी राहिली तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एलिझाबेथ हेरिक आणि तिच्या मैत्रिणी दारोदार फिरत होत्या, दुकानदारांशी बोलत होत्या, घराघरात जाऊन समजावत होत्या. संसदेने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, साम्राज्यातली गुलामी संपवायचा कायदा १८३३ मध्ये झाला. मधली एवढी वर्षं साखरेशिवायचं घर चालवायचं काम कोणीतरी रोज करत होतं. फरक एवढाच, आणि तो मला मोठा वाटतो, की त्यातल्या कितीतरी जणींनी तो भार स्वतः पुढे होऊन घेतलेला होता. ताईने नव्हता घेतला, मी तिला न विचारता तिच्यावर टाकला होता.

तर कागद. मी तो काढून फेकला नाही, पण एकेक ओळ घेऊन तिच्यावर विचार करायला लागलो, आणि पहिली अडचण अशी आली की अर्ध्या ओळी मुळात खोट्या होत्या. खोट्या म्हणजे, मला वाटत होतं मी एका कंपनीला टाळतोय आणि पैसे तिलाच जात होते. छोटी, प्रामाणिक, प्राण्यांवर चाचण्या न करणारी म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेली बॉडी शॉप, अनिता रॉडिकने १९७६ मध्ये एका छोट्या दुकानातून सुरू केलेली, २००६ मध्ये लॉरियालने घेतली. टॉम्स ऑफ मेन, नैसर्गिक टूथपेस्टवाली, त्याच वर्षी कोलगेट-पामोलिव्हकडे गेली. बर्ट्स बीज पुढच्या वर्षी क्लोरॉक्सने घेतली, जी कंपनी ब्लीचसाठी ओळखली जाते. ज्या नावांवर लोक मोठ्यांना पर्याय म्हणून विश्वास ठेवतात तीच नावं मोठ्यांना सगळ्यात जास्त हवी असतात, कारण तो विश्वास विकत घेता येतो. शेल्फवर दहा रंगांची दहा पाकिटं आणि मागे बारीक अक्षरात दोनच पत्ते.

मुक्त सॉफ्टवेअरचंही बघा, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता आणि बदलता येतो. ते मी अजूनही मनापासून वापरतो आणि लोकांना वापरायला सांगतो, पण १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर आज काम करणाऱ्यांमध्ये मोठा भाग इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांच्या पगारी लोकांचा आहे, आणि रेड हॅट २०१९ पासून आयबीएमची आहे. ॲमेझॉनवरून काहीच न मागवणारा मी, पण २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या सर्व्हर विभागात एका कर्मचाऱ्याने एक कमांड चुकीची टाईप केली आणि जगभरातल्या असंख्य वेबसाईट्स काही तास बंद पडल्या किंवा अडखळल्या. तेव्हा कळतं की आपण ज्या दुकानात जात नाही त्याच्याच जमिनीवर आपलं अर्धं गाव वसलंय. फेअरफोनसारखा फोन, ॲमस्टरडॅमच्या लोकांनी २०१३ पासून फार कष्टाने बनवलेला, खनिजं कुठून येतात ते शोधत जाणारा, त्याच्यातही चिप क्वालकॉम या बड्या अमेरिकी कंपनीची असते. आणि सगळ्यात पुढारलेल्या चिप्स छापायला लागणारी ईयूव्ही मशीन्स, म्हणजे अतिनील प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणारी, जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. तिथे आपण निवड करूच शकत नाही, कारण निवडायला दुसरं काही ठेवलेलंच नाही.

इथे बरेच जण एका वाक्यावर येऊन थांबतात, की या व्यवस्थेत नैतिक खरेदी शक्यच नाही. ते वाक्य चुकीचं नाही, पण मी ते लोकांना दोन अगदी उलट्या कारणांसाठी वापरताना बघितलंय. काही जण ते म्हणून कामगार संघटनेचं काम करायला जातात, आणि काही जण ते म्हणून निवांत हवं ते मागवतात. मला त्या दुसऱ्या गटात जायचं नव्हतं. मग करायचं काय?

याचं उत्तर मला एका टी-शर्टच्या लेबलपाशी मिळालं.

कपाटातला जुना टी-शर्ट, मानेपाशी लेबल, तीन शब्द, मेड इन बांगलादेश. दोन टाके सुटून ते लेबल एका बाजूने लोंबत होतं आणि घालताना टोचायचं म्हणून मी ते कापायला बसलो होतो. कात्री हातात धरून थांबलो, कारण मला राणा प्लाझाच्या ढिगाऱ्यातली लेबलं आठवली. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावर, आठ मजली इमारत, आत पाच कपड्यांचे कारखाने. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद राहिली. वरच्या कारखान्यांमधल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं, काहींना पगार कापायची धमकी देऊन. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे मोठे जनरेटर सुरू झाले आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण बायका. आणि नंतर काय झालं तर इथून कोणाचा माल जात होता याची माहिती सहज बाहेर येत नव्हती, म्हणून कार्यकर्ते ढिगाऱ्यात फिरून लेबलं आणि ऑर्डरचे कागद गोळा करत होते. माणसांचे मृतदेह निघतायत आणि त्याच धुळीतून ब्रँडची नावं शोधायची, कारण नाहीतर कंपनी म्हणणार आमचा काही संबंध नाही. जे लेबल मला टोचतं म्हणून मी कापून टाकणार होतो, तसलंच लेबल तिथे पुरावा होतं.

माझ्या कागदावर २०१८ पासून एक ओळ होती, बांगलादेशात शिवलेलं काही घ्यायचं नाही. का, तर राणा प्लाझा. ती ओळ लिहिताना मला वाटलं होतं की मी त्या बायकांच्या बाजूने उभा आहे.

त्या बायका काय म्हणत होत्या हे मी तेव्हा बघितलंच नव्हतं. नंतर बघितलं. तिथल्या कामगार संघटना, आणि बारा-तेरा वर्षांची असताना कारखान्यात कामाला लागलेल्या आणि आता कामगारांची संघटना चालवणाऱ्या कल्पना अख्तरसारख्या कार्यकर्त्या, जगभर फिरून सांगत होत्या की बहिष्कार टाकू नका, आमच्याकडून माल घेणं बंद केलंत तर कामं जातील आणि ती आमचीच जातील. त्यांची मागणी वेगळी आणि फार नेमकी होती, ब्रँड्सनी इथेच राहावं आणि कायद्याने बांधील असलेल्या करारावर सही करावी. तो करार मे २०१३ मध्ये झाला. पुढे दोनशेहून जास्त ब्रँड्सनी त्यावर सह्या केल्या, सुमारे सोळाशे कारखान्यांची स्वतंत्र तपासणी झाली, तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध केले गेले, आणि धोकादायक कामाला नकार द्यायचा हक्क कामगारांना मिळाला. आणि कायद्याने बांधील हा शब्द नुसता कागदावर नव्हता. २०१६ मध्ये दोन जागतिक कामगार संघटनांनी दोन ब्रँड्सविरुद्ध हेगच्या लवादाकडे दावे नेले, दोन्हीमध्ये तडजोड झाली, आणि त्यातल्या एका ब्रँडला २३ लाख डॉलर्स द्यावे लागले, त्यातले २० लाख दीडशेहून जास्त कारखान्यांमधल्या दुरुस्तीसाठी.

हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तसाच बसून होतो. माझी ती ओळ ज्यांच्यासाठी होती त्यांनीच ती मागितलेली नव्हती, उलट नको म्हणून सांगितलं होतं. मी टाळलेल्या प्रत्येक शर्टाचं समाधान माझं होतं, आणि जर कधी त्याचा काही परिणाम होणार असता तर तो मशीनवर बसलेल्या त्याच बाईवर झाला असता. पुन्हा तेच, कॉरिडॉरमध्ये दुसरं कोणीतरी.

म्हणजे बहिष्कार टाकूच नये असं मी म्हणतोय का, तर अजिबात नाही. डेलानोचं उदाहरण घ्या, कॅलिफोर्नियातलं. सप्टेंबर १९६५ मध्ये लॅरी इटलियाँगच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप केला, आठवड्याभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ताच्या संघटनेतले मेक्सिकन-अमेरिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, आणि नुसत्या संपाने मालक हलत नाहीत म्हटल्यावर त्या मजुरांनीच देशाला सांगितलं की आमच्या मळ्यातली द्राक्षं घेऊ नका. मजूर स्वतः लांबलांबच्या शहरांत जाऊन राहिले, दुकानांबाहेर उभे राहिले, लोकांना समजावलं. जुलै १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. किंवा फ्लोरिडातल्या इमोकलीचे टोमॅटो तोडणारे मजूर. २००१ मध्ये त्यांनी टाको बेल या फास्टफूड साखळीवर बहिष्काराची हाक दिली, मागणी काय तर तोडलेल्या टोमॅटोच्या पाउंडामागे एक सेंट जास्त. चार वर्षं लागली, २००५ मध्ये कंपनीने मान्य केलं. एक सेंट! ती मागणी इतकी स्पष्ट होती की कोणालाही पाठ व्हावी, आणि ती मान्य झाली की बहिष्कार संपणार हेही सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या कागदावरच्या ओळींना शेवटच नव्हता. समजा कंपनी सुधारली, तर मला ते कळणार कसं, आणि मी थांबणार कधी? मी तिला काही मागितलेलंच नव्हतं. मी गप्पपणे तिचं काही घेत नव्हतो, तिला पत्ताही नव्हता.

तेव्हा मी कागदावर तिसरा रकाना आखला. कोणी मागितलंय.

तो भरायला खूप वेळ गेला आणि अजून जातोय, कारण त्यासाठी वाचावं लागतं, आणि दर वेळी एकच उत्तर मिळतं असंही नाही. एकाच कारखान्यातल्या दोन संघटना दोन गोष्टी सांगतात असंही होतं. कोबाल्टचं तर अजून सुटलेलं नाही. जगातला निम्म्याहून बराच जास्त कोबाल्ट काँगोतून येतो, त्यातला काही हाताने खणणाऱ्या माणसांकडून, त्यात मुलंही असतात, आणि त्या खाणींचा माल घेणं सरळ बंद करा म्हटलं तर त्या घरांचं पोट कशावर चालणार. मी तिथे फक्त एवढं ठरवलंय की बॅटरीवाली वस्तू होईल तितकी कमी वेळा घ्यायची आणि घेतलेली जास्तीत जास्त वर्षं चालवायची.

आणि हे ठरवलं म्हणूनच पुढे बॅटरी स्वतः बदलायचं झालं. माझ्या फोनची बॅटरी फुगली, स्क्रीन एका कडेने वर आली, नखाएवढी फट दिसायला लागली. तेव्हा फोन पाच वर्षांचा होता, बाकी सगळं छान चालत होतं. कंपनीकडून एकच सल्ला, नवीन घ्या. मी बॅटरी स्वतः बदलायचं ठरवलं आणि आधी जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं. टेबलावर पांढरा कागद, त्यावर स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने मांडायचे. पहिलेच दोन स्क्रू पाच पाकळ्यांचे, साधा स्क्रू ड्रायव्हर तिथे लागतच नाही, त्यासाठीची वेगळी टीप मागवावी लागली. मग गोंद मऊ व्हावा म्हणून केस वाळवायच्या ड्रायरने कडेकडेने गरम करायचं, जास्त नाही, फुगलेल्या बॅटरीला उष्णता आणि टोचणं दोन्ही वाईट, आणि फटीत प्लास्टिकचं पातळ कार्ड मिलीमीटर मिलीमीटर सरकवत न्यायचं. आत गेल्यावर बॅटरी परत खाली चिकटवलेली. तिच्याखाली ताणून काढायच्या दोन पट्ट्या, त्यातली एक अर्ध्यात तुटली. तासभर मी श्वास धरून काम करत होतो. शेजारी वाळूचा डबा ठेवला होता, आग लागलीच तर म्हणून. फोन चालू झाला तेव्हा मला खरंच आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला, कारण ते स्क्रू, तो गोंद, त्या पट्ट्या, हे सगळं कोणीतरी बसून ठरवलेलं होतं. आणि माझ्याकडे रविवारची अख्खी दुपार होती, थरथर न करणारा हात होता, दिसायला नीट डोळे होते. आईकडून हे झालं नसतं. ताईकडे ती दुपारच नसते.

सगळ्यांनी घरी फोन उघडावेत असं सांगायला मी म्हणूनच धजत नाही. ते काम कायद्याचं आहे. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचा केला. ॲपलने कुरकुर केली आणि शेवटी केलं. युनियनच्याच बॅटरीच्या नियमात १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख आहे, त्यानंतर बाजारात येणाऱ्या छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला सहज बदलता आल्या पाहिजेत, काही अपवाद सोडून. हे दुरुस्तीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं मागितलेलं होतं. एकदा कायदा झाला की कोणाच्या ताईला, कोणाच्या आईला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, खर्च परत जिथला तिथे, कंपनीच्या खात्यावर. मी त्या मागणीच्या बाजूने जिथे सही करता येते तिथे करतो, जिथे हरकती-सूचना मागवतात तिथे लिहितो, आणि एक नवीन फोन टाळण्यापेक्षा मला त्या तीन पानी पत्राची किंमत आता जास्त वाटते. फोन टाळतोच, ते सुटलेलं नाही.

व्हॉट्सॲप मी परत टाकलं. हे लिहायला मला आवडत नाही पण लपवायचंही नाही. घरचा ग्रुप तेवढा, बाकी सगळ्यांना दुसरीकडे बोलावतो. ज्यांना स्वतःहून यायचं होतं ते सिग्नल या दुसऱ्या ॲपवर आले, हळूहळू, पाच-सहा जण, त्यात तो डॉक्टर भाऊ पण आहे. आत्या येणार नाही आणि मी तिला सांगणारही नाही, तिला ते एक ॲप शिकायला वर्ष लागलं होतं. या कंपन्यांनी आपापली दारं एकमेकींना उघडी ठेवावीत, म्हणजे माझ्या ॲपवरून तिच्या ॲपवर निरोप जावा, असा नियम युरोपमध्ये २०२२ च्या डिजिटल मार्केट्स कायद्यात आलाय, आणि मला वाटतं खरी मागणी ही आहे. आपण एका कंपनीचा फोन वापरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलतोच ना, मग मेसेजला काय झालं.

ज्या गोष्टींचा खर्च फक्त माझ्या एकट्याच्या खात्यावर पडतो त्या मी पूर्वीसारख्याच कडक पाळतो. एका दिवसात घरपोच हवं असं मला काही नसतं, म्हणून मागवत नाही. कपडे फाटेपर्यंत वापरतो. ऑनलाईन फुकट मिळणाऱ्या गोष्टींसाठी माझी माहिती देत नाही, जरा गैरसोय होते ती माझी होते. यावर कोणी मला म्हटलं की तुझ्या एकट्याने काय फरक पडतो तर मी वाद घालत नाही, फरक पडावा म्हणून मी ते करतच नाही, मला तसं राहायला बरं वाटतं. पण जिथे दुसऱ्याचा वेळ, दुसऱ्याची झोप, दुसऱ्याची नोकरी मध्ये येते तिथे आधी विचारतो.

त्या टी-शर्टचं लेबल मी कापलं नाही. सुटलेले दोन टाके परत घातले. तो ज्या ब्रँडचा आहे त्यांना मागच्या महिन्यात पत्र लिहिलं, की बांगलादेशातल्या कराराची जागा २०२१ मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय करारानं घेतली त्यावर तुमची सही आहे का, आणि हा शर्ट कोणत्या कारखान्यात शिवलाय ते सांगाल का. पहिल्यांदा आपोआप जाणारं उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी परत लिहिलं, त्याच दोन प्रश्नांसकट. ताईला मसुदा दाखवला होता, तिने ग्रुपवर टाकला, आणि आत्याने विचारलं की माझ्याकडे पण त्याच ब्रँडचे दोन कुर्ते आहेत, तर मी पण पत्र पाठवू का. मी तिला पत्ता पाठवला. तिसऱ्या पत्राच्या खाली तिचं नाव आहे.